स्वभावाला औषध नाही, हे खरे का?

दहावी-बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश उरकले आणि पहिली सत्र परीक्षा तोंडावर आली, की आमच्या लोणीसारख्या गावातल्या दवाखान्यात सतरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींची ये-जा वाढते. तक्रारी सगळ्या शरीराच्या असतात. डोके दुखते, पोटात आग पडते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सोबत आलेले आईवडील बहुधा उपायही सांगूनच टाकतात, "आवं डॉक्टर, पोराला लई अशक्तपणा आलाय. एक सलाईन लावा, म्हंजी तरतरी येईल." तपासावे तर नाडी, रक्तदाब ठीक. रक्त तपासून घ्यावे लागतेच, कारण आपल्याकडच्या मुलींत पंडुरोग फार आढळतो आणि थायरॉईडचा दोषही कधी कधी असाच चकवतो. पण ते अहवालही पुष्कळदा बरे येतात. मग पालकांना बाहेर बाकावर बसवून मुलाशी दहा मिनिटे एकट्याने बोलावे लागते. खरा आजार त्या दहा मिनिटांत कळतो आणि तो सलाईनने जाण्यातला नसतो.

अशाच एका मुलाच्या आईने मला मागे एक प्रश्न विचारला. तिचा थोरला मुलगा बारावीला दोनदा नापास झाला, शेवटी टेम्पो चालवायला लागला, आणि आजही हसतखेळत असतो. धाकटा मंचरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला, वर्गात पहिल्या पाचात, पण पेपरच्या आदल्या रात्री त्याला उलट्या होतात. ती म्हणाली, "डॉक्टर, दोघंबी माझ्याच पोटचे, एकाच चुलीवरचं खाल्लं, एकाच बापाचा मार खाल्ला. मग एक असा नि एक तसा का?" वाचकहो, हा प्रश्न साधा वाटतो, पण जगभरच्या मानसशास्त्रज्ञांनी साठ-सत्तर वर्षे याच प्रश्नाभोवती काम केले आहे. आजचे सदर त्यासाठीच.

जन्मताच येतो तो स्वभाव

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य होते. १९५६ साली त्यांनी तान्ह्या बाळांचा अभ्यास हाती घेतला आणि १३३ मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवले. त्यांना आढळले ते असे, की अगदी दोन-तीन महिन्यांच्या बाळांतही स्वभावाचा फरक उघड दिसतो. साधारण चाळीस टक्के बाळे सोशिक; वेळेवर भूक, वेळेवर झोप, नवे माणूस आले तरी कुरकुर नाही. दहा टक्के हट्टी आणि चिडखोर, ज्यांना प्रत्येक बदलाचा त्रास. पंधरा टक्के बुजरी, म्हणजे नव्या गोष्टीपासून आधी मागे सरणारी, पण वेळ दिला की हळूहळू रुळणारी. बाकीची मुले कुठल्याच एका खान्यात बसणारी नव्हती.

आपल्या आज्या हे कुठलाही अभ्यास न करता सांगत होत्या. "हे पोर पाळण्यातच तापट होतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. थॉमस आणि चेस यांनी त्यापुढची गोष्ट सांगितली, आणि मला तीच मोलाची वाटते. नुसत्या स्वभावाने मूल बिघडत नाही आणि नुसत्या आईबापामुळेही बिघडत नाही. मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ बसतो की नाही, त्यावर बरेच ठरते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ज्वारीला पुरते तेवढ्या पाण्यावर ऊस वाळून जाईल आणि उसाइतके पाणी ज्वारीला सोडले तर ती पिवळी पडेल. तरी पाणी तेच आणि माती तीच. त्या आईचा थोरला मुलगा बापाच्या आरडाओरड्याने हलला नाही, धाकटा त्याच आवाजाने आतून हादरत राहिला. दोघांना सारखेच वागवले हे खरे असले, तरी दोघांना ते सारखे लागले नाही.

पुढे मोठ्या माणसांच्या स्वभावाचेही मोजमाप झाले. आज स्वभावाची पाच मुख्य अंगे मानतात : माणूस किती काळजीखोर आणि हळवा आहे, किती मनमोकळा व माणसांत रमणारा आहे, किती शिस्तीने आणि मन लावून काम करतो, किती मिळतेजुळते घेतो आणि नव्या गोष्टींना किती मोकळा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते, की माणसामाणसांतल्या या फरकांचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. कॉलेजच्या मुलांतील चिंता आणि उदासीनता यांच्याशी सर्वात घट्ट नाते आढळते ते पहिल्या अंगाचे, म्हणजे काळजीखोरपणाचे.

अबोल मूल म्हणजे आजारी मूल, असा एक गैरसमज आहे, तोही इथेच काढून टाकतो. चारचौघांत न बोलणारा, एकच जिवलग मित्र असलेला, लग्नकार्यात कोपरा धरून बसणारा मुलगा पूर्ण निरोगी असू शकतो. उलट गॅदरिंगमध्ये सगळ्यांना हसवणारा पोरगा रात्री खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो, असेही मी पाहिले आहे.

धाक आणि माया

आता पालकांकडे वळू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात घराघरांतून मुले कशी वाढवतात ते पाहिले आणि तीन तऱ्हा सांगितल्या. काही घरांत नुसता हुकूम चालतो, कारण विचारायची सोय नाही. काही घरांत नुसते लाड, नियम कसलाच नाही. आणि काही घरांत नियम असतात, पण त्यांचे कारण मुलाला सांगितले जाते आणि मुलाचे म्हणणे ऐकूनही घेतले जाते. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथी तऱ्हा जोडली : ना धाक, ना माया, सरळ दुर्लक्ष. यापैकी नियम आणि जिव्हाळा दोन्ही असलेल्या घरांतली मुले पुढे सर्वात बरी राहतात आणि दुर्लक्षात वाढलेल्यांची सर्वात आबाळ होते, असे बहुतेक अभ्यासांत दिसते.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग आमच्या बापाने आम्हाला चिंचेच्या फोकाने फोडले, आम्ही काय वाया गेलो?" मला हे दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतेच. अशा वेळी मी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची आठवण देतो. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आपल्याकडे घरोघर वाचले गेले. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारत मारत पोहायला पाठवते, हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातला मार सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण श्याम पोहून घरी आल्यावर आई त्याला जवळ घेते, तिच्याही डोळ्यांत पाणी असते, आणि आपण असे का केले ते ती त्याला समजावते. माझ्या मते श्याम घडला तो या दुसऱ्या भागामुळे. आपण फोक तेवढा उचलला आणि ते जवळ बसणे सोडून दिले.

अर्थात परदेशातले माप जसेच्या तसे आपल्याला लावू नये, हेही खरे. रूथ चाओ या संशोधिकेने १९९४ मध्ये चिनी कुटुंबांबद्दल लिहिताना दाखवले, की तिथे पालकांचा कडकपणा मुलांना नेहमीच वैर वाटत नाही. तो काळजीचाच भाग समजला जातो. आपल्या खेड्यातही तसेच आहे. "बाप कडक आहे" असे सांगताना मुलांच्या आवाजात पुष्कळदा अभिमानच असतो. त्यामुळे कडक बाप म्हणजे मुलाला मनोविकार, असे सरळ गणित कोणी मांडू नये.

मग अपाय कशाने होतो? ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर यांनी १९७९ मध्ये पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. सोळा वर्षांचे होईपर्यंत आई आणि बाप आपल्याशी कसे वागले, ते आठवून तीत लिहायचे असते. तिच्यात दोनच गोष्टी मोजतात, माया किती आणि ताबा किती. उदासीनतेच्या रुग्णांत एक जोडी वरचेवर आढळली : माया थोडी आणि ताबा फार.

'तुझ्यासाठीच राबतोय'

१९९६ मध्ये ब्रायन बार्बर या अमेरिकन संशोधकाने या ताब्याचेही दोन प्रकार वेगळे केले, आणि आपल्या भागातल्या पालकांनी यावर जरूर विचार करावा. एक ताबा वागण्यावरचा. किती वाजता घरी यायचे, मोबाइल किती वेळ, पैसे कुठे खर्च झाले. हा असावाच. तो नसेल तर मुले भरकटतात. दुसरा ताबा मनावरचा. मुलाला अपराधी वाटायला लावणे, रुसून अबोला धरणे, 'तू पास झालास तरच आमचा' असे न बोलता जाणवून देणे. चिंता आणि उदासीनता यांच्याशी जोडलेला ताबा हा दुसरा. याला हात उगारावा लागत नाही, आवाजही चढवावा लागत नाही, म्हणून तो चालला आहे हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही.

एका मुलाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शेजारच्या गावचा मुलगा, पुण्यात अभियांत्रिकीला. दुसऱ्या वर्षी चार विषय राहिले. घरी सांगितले नाही. दिवाळीच्या सुट्टीत आला तो पोटदुखी घेऊन. वजन सहा किलोने उतरलेले, दाढी वाढलेली, नजर खाली. वडिलांना बाहेर बसवले आणि मी त्याच्याशी बोललो. वडिलांनी त्याला आयुष्यात एकदाही मारले नव्हते. दारू नाही, घरात भांडण नाही. पावणेदोन एकर जिरायत आणि चार गाई, त्यावर फी भरत होते. मुलगा म्हणाला, "ते ओरडले असते तर बरं झालं असतं, डॉक्टर. रोज फोनवर एवढंच म्हणायचे, आमचं काय, आम्ही कसंबी दिवस काढू, तू शिक." मेसमध्ये ताट पुढे आले की त्याच्या मनात हिशेब सुरू व्हायचा, हे ताट म्हणजे किती लिटर दूध. मग जेवण उतरत नसे. विषय राहिल्यावर तर त्याला आपण चोर आहोत असे वाटू लागले.

त्या बापाचे एकही वाक्य वाईट हेतूने बोललेले नव्हते आणि खोटेही नव्हते. पण तो मुलगा मुळात काळजीखोर, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेणारा, शिवाय कामात अतिशय चोख. चोख माणसाला चूक सहन होत नाही, आणि सर्वात कमी सहन होते ती स्वतःची. हेच बोलणे एखाद्या निगरगट्ट पोराने कानाआड केले असते. याच्या मनात ते रोज थोडे थोडे साठत गेले.

मी त्याला सरळ विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हो म्हणाला. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. विचारल्याने माणसाला उलट सुटल्यासारखे होते, कारण तोवर ते बोलायला कोणी भेटलेले नसते. त्याच्या संमतीने मी वडिलांना आत बोलावले आणि सगळे सांगितले. ते खाली मान घालून बसले. मग मुलाकडे न पाहताच म्हणाले, "किती विषय राहिलेत?" "चार." "मग परत बसायला देत्यात का नाय?" मुलगा तेव्हा पहिल्यांदा रडला.

त्याच आठवड्यात त्याला पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तोपर्यंत रात्री त्याच्या शेजारी कोणीतरी झोपायचे आणि शेतातली औषधे कुलपात ठेवायची, हे वडिलांना बजावून सांगितले. ही कुलपाची गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने मनावर घ्यावी. असा विचार मनात येतो तो पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि काही वेळाने ओसरतो. त्या वेळेत घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. मुलगा औषधे आणि समुपदेशन दोन्ही घेत होता. एक वर्ष मागे पडले. चारपैकी दोन विषय सुटलेत, दोन अजून आहेत. वडील फोनवर अजूनही "तू शिक" म्हणतात, अलीकडचा भाग मात्र त्यांनी सोडला आहे.

पोरींची गोष्ट थोडी वेगळी

मुलींच्या बाबतीत ताबा निराळ्या वाटेने येतो. सायंकाळच्या एस.टी.ला उशीर झाला की घरात घालमेल सुरू. आपल्या जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात या घालमेलीला खरे कारण आहे, हे मी आधीच मान्य करतो. उसाच्या शेतात बिबट्या राहतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याने लहान मुलांसह माणसे मारली, त्यानंतर अंधारात पोरीला रस्त्यावरून एकटी येऊ द्या असे कोणता डॉक्टर सांगेल? पण भीती खरी असली तरी तिचा उपाय दोन प्रकारे करता येतो. बाप बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहतो, हा एक. "कॉलेज बंद, घरी बस", हा दुसरा. पहिल्यात पोरीला कळते की बाप आपल्या पाठीशी आहे. दुसऱ्यात तिला एवढेच कळते की बाहेर जग भयंकर आहे आणि आपण त्याला पुरे पडणार नाही.

एक मुलगी एस.टी.त चढली की छातीत धडधड, घाम, आता मरते की काय असे वाटणे, अशी तक्रार घेऊन आली होती. हृदयाचा आलेख स्वच्छ. मी तिला काही विचारले की उत्तर वडील देत. "हिला भूक लागत नाय", "हिला झोप येत नाय", इतकेच काय, "हिला भूगोल आवडतो" हेसुद्धा त्यांनीच सांगितले. पोरगी एकोणीस वर्षांची. तिच्या आजाराचे नाव भीतीचा झटका. तो उपचाराने चांगला बरा होतो आणि तिचा झालाही. पण तिच्या वडिलांना मी पहिले औषध दिले ते बाहेर बाकावर बसण्याचे.

दुर्लक्षाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ते बहुधा नाइलाजाचे असते. पहाटे धारा, दिवसभर निंदणी-खुरपणी, रात्री वीज येईल तेव्हा पाणी धरायला जायचे. आईबापाने पोराशी बोलावे कधी? अशा घरांत आजी, मावशी, एखादे शिक्षक ही जागा भरून काढतात, आणि असे एक जरी माणूस असले तरी मूल तरून जाते. ते माणूस शोधून ठेवावे.

दोष कोणाचा?

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. वरचे बहुतेक अभ्यास मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन केलेले असतात. मन उदास असले की माणसाला मागचे सगळे काळेच आठवते, तेव्हा आईबापाचे चित्रही काळे रंगते. शिवाय मुळात चिडखोर मूल असेल तर शांत आईसुद्धा कडक होते. म्हणजे कारण कुठले आणि परिणाम कुठला, हे उलटेही असू शकते. म्हणून पालकांनी लगेच स्वतःला दोषी धरू नये आणि मुलांनीही आईबापावर खटला भरू नये. वैद्यकशास्त्राचे हात या बाबतीत एकदा पोळले आहेत. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी छिन्नमनस्कता हा गंभीर आजार आईच्या वागण्यातून होतो अशा अर्थाची कल्पना मांडली आणि पुढे कितीतरी वर्षे बिचाऱ्या आया विनाकारण बोल खात राहिल्या. आज ती कल्पना टाकून दिलेली आहे. कानात आवाज येणे, कोणीतरी पाळत ठेवते असे वाटणे, एकट्यानेच पुटपुटणे, अंघोळ सोडणे ही लक्षणे या आजाराची असतात आणि ती नेमकी याच वयात सुरू होतात. ते ना संगोपनाचे पाप, ना बाहेरची बाधा. देवऋषाकडे घालवलेले सहा महिने रुग्णाला महाग पडतात.

याच वयाचे महत्त्व सांगणारा एक आकडा लक्षात ठेवावा. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले, की मनोविकारांपैकी तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे आपण ज्याला 'शिकायचे वय' म्हणतो तेच आजार सुरू होण्याचेही वय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात २०२१ मध्ये १३,०८९ आणि २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. दोन्ही वर्षी राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. २०२१ मध्ये १,८३४ आणि २०२२ मध्ये १,७६४. यातल्या प्रत्येकामागे एकच कारण नसते, आणि 'नापास झाला म्हणून' अशी बातमी छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग औषध आहे का?

स्वभावाला औषध नाही, ही म्हण अर्धी खरी. बुजरे मूल पुढारी होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. पण वय वाढते तसा काळजीखोरपणा सर्वसाधारणपणे थोडा उतरतो, आणि विचार करण्याची सवय बदलली की आणखी उतरतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी आणली आणि मराठीत समजावून सांगितली. तिचा गाभा असा : घटना माणसाला जेवढे छळते त्यापेक्षा त्या घटनेबद्दलचा हट्ट जास्त छळतो. "मला पहिला वर्ग मिळावा" ही इच्छा झाली. "मिळालाच पाहिजे, नाही तर मी कवडीमोल" हा हट्ट झाला. इच्छा माणसाला अभ्यासाला बसवते आणि हट्ट त्याला पेपरच्या आदल्या रात्री उलट्या करायला लावतो. त्या बी.एस्सी.च्या मुलाला हा फरक वहीत लिहून लिहून समजला. त्याला चार-पाच महिने लागले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने हाच विचार शाळा-कॉलेजांच्या मुलांपर्यंत नेला.

आजार बळावलेला असेल तर गोळ्या लागतात. त्यांच्याबद्दल तीन गोष्टी. उदासीनतेवरची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनाने एकदम बंदही करू नयेत. तिसरी महत्त्वाची : पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत कधी कधी तगमग आणि अस्वस्थता वाढते. त्या काळात घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे आणि काही वेगळे वाटले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

पालकांनी कधी सावध व्हावे? दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली, मित्र तोडलेले, आवडीच्या गोष्टी नकोशा, कॉलेजला दांड्या, आणि "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता" असले बोलणे. हे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये.

कायद्याच्या भीतीनेही लोक लपवतात, म्हणून तेही सांगतो. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच आधी गृहीत धरायचे आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३०९ कलमासारखे कलमच ठेवलेले नाही. तेव्हा अशा प्रसंगी दवाखाना गाठायला एक मिनिटही दवडू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, तसे समुपदेशक कोण आणि कुठल्या खोलीत बसतात, हेही विचारून घ्यावे.

पुण्याच्या ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे खिसा पाहून उपचार होत नाहीत. पुण्याला जाणे लगेच जमत नसेल तर 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र केव्हाही, पैसे न लागता, मराठीतून बोलता येते. आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. फोन घरच्यांच्या हाती पडेल म्हणून मुले हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवायला कचरतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने तो 'मावशी' या नावाने साठवून ठेवला आहे.